मॅचला तीस पॉइंट्स करणाऱ्यांना रिंग का मिळत नाही?

प्रश्न असा आलाय की ॲलन आयव्हर्सन, ट्रेसी मॅकग्रेडी, जेम्स हार्डन, डॉमिनिक विल्किन्स, जॉर्ज गर्व्हिन ही सगळी मंडळी मॅचला तीस-तीस पॉइंट्स करायची, तरी यातल्या एकालाही एनबीएची (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) चॅम्पियनशिप, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी ती रिंग, का नाही मिळाली, मोठ्या मॅचला ही माणसं ढेपाळतात का, आणि आपल्या शाळेच्या टीममध्ये असा एखादा स्कोअरर असेल तर त्याला काय शिकवायचं. मी बरीच वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवतोय आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

ढेपाळण्याचं आधी बघू, कारण त्या आरोपाइतका अन्याय दुसरा नाही. १९८८ ला अटलांटा आणि बोस्टनच्या सिरीजची सातवी मॅच, बोस्टन गार्डनवर. विल्किन्सने ४७ पॉइंट्स केले. समोर लॅरी बर्ड होता, त्याने ३४ केले, त्यातले २० शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि बोस्टन ११८-११६ ने जिंकलं. १९७९ ला सॅन अँटोनियो वॉशिंग्टनविरुद्ध ३-१ ने पुढे होती, सातव्या मॅचमध्ये गर्व्हिनने ४२ केले, आणि टीम १०७-१०५ ने हरली. आता ४७ आणि ४२ करणाऱ्या माणसाला ढेपाळला म्हणायचं का? दोन पॉइंट्सने गेलेल्या मॅचेस आहेत या. एक शॉट इकडचा तिकडे झाला असता तर आज आपण वेगळं बोललो असतो.

मग खरं कारण काय? माझं मत सांगतो. एखादा प्लेयर सीझनभर तीसच्या वर पॉइंट्स करतो तेव्हा तो ग्रेट आहे हे तर दिसतंच, पण बऱ्याचदा त्याच्या टीमकडे दुसरं काही नाही हेही त्यातच दिसतं. बाकीच्यांकडून होत नाही म्हणून सगळं त्याच्याकडे येतं, आणि रेग्युलर सीझनमध्ये ते चालून जातं, पण प्लेऑफमध्ये (रेग्युलर सीझननंतरच्या बाद फेरीत) समोरची टीम नेमकं त्याच अवलंबून असण्यावर वार करते.

लीगचा टॉप स्कोअरर आणि त्याच सीझनचा चॅम्पियन एकच माणूस, हे १९७० नंतर किती जणांना जमलं? १९७१ ला करीम अब्दुल-जब्बार (तेव्हा त्याचं नाव ल्यू अल्सिंडर होतं), मग मायकेल जॉर्डन सहा वेळा, २००० ला शकील ओ'नील (शॅक), आणि २०२५ ला ओक्लाहोमा सिटीचा शे गिल्जस-अलेक्झांडर. बस, चार माणसं. आणि प्रत्येकाच्या बाजूला कोण होतं ते बघा. करीमकडे त्याच सीझनला ऑस्कर रॉबर्टसन आला होता, जॉर्डनकडे पिपेन, शॅककडे कोबी. शे कडे जेलन विल्यम्स होता, ज्याने फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये ४० मारले, आणि वर लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्स.

प्लेऑफमध्ये नेमकं बदलतं काय, ते कोर्टवर उभं राहून बघावं लागतं. रेग्युलर सीझन ८२ मॅचचा, आज डेन्व्हर तर उद्या युटा, समोरच्या टीमला तुमचा अभ्यास करायला वेळच नसतो. प्लेऑफमध्ये तीच टीम दोन आठवड्यांत सात वेळा समोर येऊ शकते, आणि चॅम्पियन व्हायला अशा चार सिरीज म्हणजे १६ मॅच जिंकाव्या लागतात. समजा तुमचा स्टार उजव्या बाजूला थ्री पॉइंट लाईनजवळ बॉल घेऊन उभा आहे, एकास एक खेळायच्या तयारीत. पहिल्या मॅचमध्ये त्याला मोकळी जागा मिळते. दुसऱ्या मॅचपासून बघा, फ्री थ्रो लाईनच्या मधोमध एक डिफेंडर येऊन उभा असतो, हात पसरून, एक नजर बॉलवर आणि एक स्वतःच्या माणसावर. तो ट्रॅप करत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या जोडीने त्याला कोंडत नाही, फाऊल करत नाही, नुसता उभा असतो. पण स्टारला आत घुसायची जी वाट होती ती बंद. आता त्याच्याकडे दोनच गोष्टी उरतात, हातावर हात असताना लांबून अवघड शॉट मारायचा, नाहीतर ज्याचा डिफेंडर मध्ये येऊन उभा राहिलाय त्या माणसाला बॉल द्यायचा. तो डिफेंडर कोणाला सोडून आलाय हे समोरच्या कोचने मुद्दाम ठरवलेलं असतं. जो बाहेरून मारू शकत नाही त्यालाच सोडलेलं असतं. म्हणजे स्टारने पास दिला तरी समोरच्याला हवं तेच झालं, नाही दिला तरी तेच.

यात एक नियमाची गोष्ट पण आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. एनबीएमध्ये झोन डिफेन्सला (माणसाऐवजी कोर्टवरची जागा राखायची) खूप वर्षं बंदी होती. २००१-०२ पासून झोनला परवानगी मिळाली, सोबत डिफेंडरने बास्केटखालच्या रंगीत भागात कोणाला गार्ड न करता तीन सेकंदांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही हा नियम आला. त्याआधी मदतीला येणाऱ्या डिफेंडरला अर्धवट कुठेतरी उभं राहून चालायचं नाही, एकतर आपल्या माणसाजवळ राहा नाहीतर सरळ डबल टीम करा, म्हणजे दोघं मिळून अडवा. त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्या स्कोअररला मोकळीक जास्त होती. नंतर गर्दी वाढली. मॅकग्रेडी, कार्मेलो अँथनी ही माणसं या गर्दीच्या काळातली आहेत हे त्यांना नावं ठेवताना लक्षात ठेवावं.

जॉर्डनचं उदाहरण मी पोरांना नेहमी देतो, पण सहा रिंगवाल्या जॉर्डनचं नाही, त्याआधीच्या. १९८६-८७ ला त्याने मॅचला ३७.१ चा ॲव्हरेज काढला, आणि शिकागोचा रेकॉर्ड किती होता? ४० जिंकल्या ४२ हरल्या, आणि पहिल्याच राऊंडला बोस्टनने ३-० ने घरी पाठवलं. त्याच्या आदल्या वर्षी त्याच बोस्टनविरुद्ध प्लेऑफच्या एका मॅचमध्ये त्याने ६३ मारले होते, ती मॅच पण गेली, डबल ओव्हरटाईमला. मग १९८८, ८९ आणि ९० अशी लागोपाठ तीन वर्षं डेट्रॉइटने त्याला हरवलं, आणि हरवायची रीत ठरलेली, त्याला हवं तिकडे जाऊ द्यायचं नाही, दुसरा माणूस अंगावर आणायचा, आत आलाच तर आडवा पाडायचा. डेट्रॉइटला पक्कं माहीत होतं की जॉर्डन बॉल सोडणार नाही, आणि सोडलाच तर बाकीच्यांची अजून तयारी नाही.

१९८९ ला फिल जॅक्सन हेड कोच झाला आणि टेक्स विंटरचा ट्रँगल ऑफेन्स टीमने उचलला. त्यात बॉल एका हातात थांबत नाही, पास केल्यावर कापून जायचं, जागा भरायची, डिफेन्स जसा हलेल तसं पुढचं ठरवायचं. जॉर्डनला हे सुरुवातीला अजिबात आवडलं नव्हतं. १९९१ च्या फायनलला लेकर्सविरुद्ध पाचवी मॅच, शेवटची काही मिनिटं, लेकर्सचा सगळा डिफेन्स जॉर्डनकडे खेचला जातोय, आणि टाईम आऊटमध्ये जॅक्सन त्याला परत परत विचारतोय की मोकळा कोण आहे. जॉर्डनने शेवटी जॉन पॅक्सनचं नाव घेतलं. पॅक्सनने मग लागोपाठ शॉट पाडले, मॅचमध्ये २० केले, आणि शिकागो पहिल्यांदा चॅम्पियन झालं. त्या सीझनचा जॉर्डनचा ॲव्हरेज ३१.५ होता, म्हणजे ३७ पेक्षा साडेपाच कमी. ते कमी झालेले पॉइंट्स कुठे गेले हे ज्याला समजलं त्याला बास्केटबॉल बऱ्यापैकी समजलं असं मी मानतो.

आयव्हर्सनचं थोडं वेगळं आहे आणि त्याच्याबद्दल मला मनापासून वाटतं. सहा फुटांचा माणूस, चार वेळा लीगचा टॉप स्कोअरर, २००१ चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेयर). फिलाडेल्फियाचा कोच लॅरी ब्राऊनने त्याच्याभोवती मुद्दाम चार डिफेंडर आणि रिबाउंडर (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणारे) उभे केले होते, मुटोंबो, एरिक स्नो, टायरोन हिल, जॉर्ज लिंच, आणि बेंचवरून ॲरन मॅकी. ठरलेलं असं की बाकीचे मार खातील, बॉल काढून आणतील, स्कोअर तू कर. लोक म्हणतात तो फार शॉट मारायचा, मॅचला पंचवीसच्या वर, आणि शॉट पडायची टक्केवारी ४२. अहो पण नाही मारायचे तर कोणी मारायचे? टीमच तशी बांधलेली होती. आणि टोरोंटोविरुद्धच्या सिरीजमध्ये बघा, त्याने दोन मॅचेसमध्ये पन्नासच्या वर मारले, पण सातवी मॅच ८८-८७ ने जिंकली ती २१ पॉइंट्स आणि १६ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास) करून. त्याला पास करता येत नव्हता असं जे म्हणतात त्यांनी ती मॅच बघावी.

फायनलला समोर शॅक आणि कोबीचे लेकर्स, जे त्या प्लेऑफमध्ये एकही मॅच हरले नव्हते. पहिल्याच मॅचला त्यांच्या घरात आयव्हर्सनने ४८ मारले आणि ओव्हरटाईममध्ये १०७-१०१ ने मॅच काढली. पुढच्या चारही लेकर्सनी जिंकल्या. स्नो, मॅकी, लिंच तिघंही दुखापती घेऊन त्या सिरीजमध्ये पोचले होते, आणि शॅकला अडवायला मुटोंबो एकटा पुरा पडत नव्हता. आयव्हर्सनने अजून काय करायला हवं होतं, मला खरंच सांगता येणार नाही.

हार्डनच्या बाबतीत मात्र मी थोडा कडक आहे. त्याचं २०१७-१८ चं ह्यूस्टन, ६५ मॅच जिंकलेली लीगमधली नंबर एक टीम, गोल्डन स्टेटविरुद्ध ३-२ ने पुढे, आणि पाचव्या मॅचच्या शेवटी ह्यूस्टनचा दुसरा स्टार ख्रिस पॉलची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेली. सातव्या मॅचला हाफटाईमला ह्यूस्टन ११ ने पुढे होतं. मग लागोपाठ २७ थ्री पॉइंटर चुकले. टोटल ४४ मारले आणि ७ पडले, टीम १०१-९२ ने हरली. आता यात नशीब आहेच, बरेच शॉट मोकळे होते आणि ते हार्डनने एकट्याने मारलेले नव्हते. पण मी ती मॅच पोरांना दाखवतो तेव्हा स्कोअर बघू देत नाही, हार्डनकडे बॉल नसताना तो काय करतो ते बघायला सांगतो. हाफ कोर्टजवळ उभा. बॉल दिला की त्याचं काम संपलं. गोल्डन स्टेटकडे करीला बघा, बॉल सोडल्या सोडल्या पळायला लागतो, एका स्क्रीनवरून (डिफेंडरच्या वाटेत उभ्या राहिलेल्या साथीदारावरून) दुसऱ्या स्क्रीनवर, आणि दोन डिफेंडर त्याच्या मागे धावतात म्हणून दुसरं कोणीतरी बास्केटखाली मोकळं होतं. त्याला पास न मिळताही टीमला दोन पॉइंट्स मिळतात. पुढच्या सीझनला हार्डनने ३६.१ चा ॲव्हरेज काढला, टीमचे जवळपास ४० टक्के पझेशन (बॉल मिळाल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी) त्याच्याच हातात संपायचे, आणि परत गोल्डन स्टेटकडूनच हरले.

एड्रियन डँटलीचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नाही, पण या विषयात तो फार महत्त्वाचा. दोनदा लीगचा टॉप स्कोअरर, करिअरमध्ये तेवीस हजारांवर पॉइंट्स. डेट्रॉइटमध्ये तो बास्केटजवळ बॉल घ्यायचा, थांबायचा, शॉटची एक हुलकावणी द्यायचा, परत थांबायचा, आणि फाऊल काढून फ्री थ्रो मिळवायचा. काम चोख, पण बाकीचे चौघं बघत उभे. १९८८ ला ही टीम फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेली आणि हरली. फेब्रुवारी १९८९ ला सीझनच्या मध्येच त्याला डॅलसला देऊन मार्क अग्वायरला आणलं. अग्वायरसुद्धा मोठा स्कोअररच, पण इथे त्याने कमी शॉट आणि कमी मिनिटं मान्य केली, रॉडमनला जास्त खेळायला मिळालं, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटने फायनलला लेकर्सना ४-० ने धुतलं. अग्वायर आणि डेट्रॉइटचा स्टार आयझाया थॉमस शिकागोचे जुने दोस्त, त्यामुळे या ट्रेडमागे दोस्ती होती असं तेव्हापासून बोललं जातं. असेलही. डँटलीला ते लागलं असणार आणि मला त्याच्याबद्दल वाईटही वाटतं, पण कोच म्हणून बघताना बॉल थांबायचा बंद झाला हा फरक मला नाकारता येत नाही.

पैशाचं पण थोडक्यात सांगायला हवं कारण हे प्लेयरच्या हातात नसतं. एनबीएमध्ये सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) असते आणि मोठ्या स्टारचा एकट्याचा करार त्या कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बाजूला घेतलेला दुसरा स्टार जखमी झाला की संपलं. २००० ला ऑर्लँडोने मॅकग्रेडी आणि ग्रँट हिल दोघांना आणलं, आणि घोट्याच्या दुखापतीमुळे हिल पहिल्या चार सीझनमध्ये मिळून फक्त ४७ मॅच खेळला. पैसे त्याच्यावर अडकलेले, मग मॅकग्रेडीच्या बाजूला आणायचं कोणाला? २००३ ला त्याने ३२.१ चा ॲव्हरेज काढला, पहिल्या राऊंडला डेट्रॉइटविरुद्ध ३-१ ने पुढे होता, मग डेट्रॉइटने टेशॉन प्रिन्स नावाचा लांब हातांचा नवखा पोरगा त्याच्या अंगावर सोडला, आणि सिरीज ४-३ ने गेली. पुढच्या वर्षी परत टॉप स्कोअरर मॅकग्रेडीच, आणि टीमने ८२ पैकी ६१ हरल्या. उलट ओक्लाहोमाचं बघा, २०२५ ला जिंकले तेव्हा विल्यम्स आणि होल्मग्रेन दोघंही २०२२ च्या ड्राफ्टमधले (नव्या पोरांच्या निवडीतले), अजून नवख्यांच्या स्वस्त करारावर, त्यामुळे शे च्या बाजूला कारुसो, हार्टेनस्टाइन असे लोक परवडले. हे शे चं कर्तृत्व नाही, टीम चालवणाऱ्यांचं आहे.

आणि एल्गिन बेलर. १९६२ च्या फायनलच्या एका मॅचमध्ये ६१ पॉइंट्स, फायनलमधला तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. त्याच्या काळात लेकर्स आठ वेळा फायनलला गेले, त्यातल्या सात वेळा बिल रसेलच्या बोस्टनने हरवलं. रिबाउंड, पासिंग, सगळं होतं त्या माणसाकडे, वर मी जे दोष सांगितले त्यातला एकही त्याला लावता येत नाही. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून १९७१-७२ च्या सीझनला नऊ मॅच खेळून तो थांबला, आणि लगेचच्या मॅचपासून लेकर्सनी लागोपाठ ३३ जिंकल्या आणि त्याच वर्षी चॅम्पियन झाले. यावरून काही लोक म्हणतात बघा, तो गेला आणि जिंकले. मला हे बोलणं पटत नाही. थकलेल्या गुडघ्यांच्या ३७ वर्षांच्या बेलरवरून १९६२ च्या बेलरचा हिशोब होत नसतो. रसेलच्या वेळेला जन्माला आला, एवढीच त्याची चूक म्हणायची.

आता शाळेतल्या मुलाचं. आपल्याकडे हा प्रश्न एनबीएपेक्षा लवकर येतो, कारण आपण फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमांनी खेळतो आणि फिबामध्ये डिफेंडरला तीन सेकंदांचं बंधनच नाही, म्हणजे उंच पोरगा आख्खी मॅच बास्केटखाली तंबू ठोकून बसू शकतो. इंटरस्कूलच्या पहिल्या दोन राऊंडला तुमचा मुलगा एकटा चाळीसातले तीस मारेल, आई-बाबा खूश, आणि सेमीफायनलला समोरचे सर त्याच्यावर दोन पोरं सोडतील आणि बाकीच्या चौघांवर तिघांचा झोन लावतील. तिथे टीम अडकते, आणि मुलाला वाटतं आपण कमी पडलो.

मी प्रॅक्टिसला काय करतो ते सांगतो. पाच विरुद्ध सहा खेळवतो, सहावा डिफेंडर कायम स्कोअररच्या अंगावर. पहिले काही दिवस तो चिडतो, बॉल घालवतो, मग त्याला दिसायला लागतं की दोन जण माझ्याकडे आले म्हणजे कुठली बाजू रिकामी झाली. दुसरं, तीन विरुद्ध तीन, ड्रिबल बंद. पास करा आणि कापा, एवढंच. तिसरं, स्कोअररचा पहिला शॉट मोजायचाच नाही जोवर बॉल एकदा कोर्टच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आलेला नाही. आणि बाकीच्या चौघांना रोज कॉर्नरमधून शॉट मारायला लावा, स्कोअररकडूनच पास घेऊन, कारण त्यांना पास मिळूनही शॉट पडला नाही तर तो मुलगा पुढच्या वेळी पास देणार नाही, आणि त्यात त्याचा दोष काढता येणार नाही. प्रॅक्टिस मॅचमध्ये समोरच्या सगळ्यात चांगल्या प्लेयरला गार्ड करायचं काम पण त्यालाच द्या. शक्य असेल तर त्याला तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी तीन-चार मिनिटं बेंचवर बसवा, पालक ओरडले तरी, म्हणजे शेवटच्या क्वार्टरला पाय शिल्लक राहतात आणि बाकीच्यांना त्याच्याशिवाय खेळायची सवय होते. स्कोअरशीटवर पॉइंट्सच्या बाजूला एक रकाना आखून घ्या, त्याने दिलेल्या पासवरून पुढच्याने पास देऊन किती बास्केट झाल्या त्याचा, आणि मॅच संपल्यावर तो आकडा त्याला आधी वाचून दाखवा, पॉइंट्स नंतर.